एका दिवसाची डोंगरफेरी



डोंगराला फेरी घालणे ही आपल्याला काही नवी गोष्ट नाही. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी निघते. लहानथोर माणसे, कित्येक तर अनवाणी, पावसात भिजत डोंगराला वळसा घालतात. जिथून निघाले तिथेच परत येतात, पण आल्या वाटेने मात्र येत नाहीत. ती झाली देवाची फेरी. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते रानातल्या फेरीबद्दल. सकाळी गावातून निघावे, एका वाटेने दरीतून डोंगर चढावा, दुसऱ्या वाटेने उतरावे आणि दिवेलागणीच्या आत त्याच गावात परत यावे, अशी ही एका दिवसाची फेरी.

हे बोलणे मुख्यतः दोघांसाठी आहे. एक, आमचे शिक्षक बंधुभगिनी. मुलांना सहलीला नेण्याची जबाबदारी त्यांच्यावर असते. दुसरे, डोंगराच्या पायथ्याशी राहणारे गावकरी. हल्ली सुटीच्या दिवशी शहरातून मोटारी भरभरून मंडळी तुमच्या गावी येतात, "वाट कुठं आहे?" म्हणून विचारतात आणि रानात शिरतात. त्यांतली बहुतेक सुखरूप परत येतात. काही मात्र वाट चुकतात, काही जायबंदी होतात, आणि मग रात्री कंदील-बॅटऱ्या घेऊन त्यांना शोधायला जावे लागते ते तुम्हालाच. तेव्हा ही गोष्ट तुमच्याही कामाची आहे.

सरळ जाऊन सरळ परत येणे आणि फेरी घालणे यांत एक मोठा फरक आहे. तो पहिल्याने सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. आपण ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत येणार असलो, तर येतानाची वाट ओळखीची असते. कुठे घसरडे होते, कुठे पाणी होते, कुठे दोन वाटा फुटत होत्या, हे सारे आपण सकाळी पाहिलेले असते. फेरीत तसे नाही. फेरीचा दुसरा निम्मा भाग सगळाच अनोळखी. आणि तो आपल्यापुढे येतो केव्हा? पाय थकलेले असतात, पाणी संपत आलेले असते, ऊन कललेले असते, तेव्हा. फेरीत आनंद जास्त, कारण दर पावलाला नवे काही दिसते. पण धोकाही त्याच कारणाने जास्त. हे ज्याला कळले त्याने फेरीचे अर्धे शास्त्र शिकले म्हणायचे.

आता एक खरीखुरी फेरी घेऊ. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात खांडस नावाचे गाव आहे. कर्जतहून कशेळेमार्गे तिथे जाता येते. गावाच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे आणि त्या भिंतीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर, भीमाशंकरचे ज्योतिर्लिंग आहे. माथ्यावर घाटाकडून मोटाररस्ता आहे, एस.टी. जाते. पण कोकणातले लोक पिढ्यान्‌पिढ्या खांडसहून पायीच वर गेले. महाशिवरात्रीला अजूनही जातात.

खांडसच्या पुढे पुलापाशी दोन वाटा फुटतात. एक शिडीघाटाची, दुसरी गणेशघाटाची. शिडीघाट जवळचा पण अवघड. तो दाट झाडीने भरलेल्या अरुंद घळीतून, ओढ्याच्या सोबतीने सरळ वर चढतो; आणि जिथे कातळ उभाच येतो तिथे लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत, म्हणून त्याला शिडीघाट म्हणायचे. गणेशघाट लांबचा पण सोपा. वाटेत गणपतीचे छोटे देऊळ लागते, पुढे पदरगड नावाच्या सुळक्यासारख्या किल्ल्याला वळसा घालून ही वाट हळूहळू वर येते. दोन्ही वाटा मध्यावर, पदरवाडीजवळच्या पठारावर एकत्र होतात. तिथून शेवटची चढण दाट रानातून भीमाशंकरला जाते.

या "पदर" शब्दाकडे थोडे लक्ष द्या. लुगड्याला जसा पदर, तसा डोंगराला पदर. आपला सह्याद्री हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हा वाहून, थरावर थर बसून झालेला आहे. यांतले काही थर कठीण, काही ठिसूळ. कठीण थराचा उभा कडा राहतो आणि ठिसूळ थर झिजून त्या जागी पसरट पायरी तयार होते. कोकणातून वर पाहिले तर एक कडा, मग झाडीची सपाटी, मग पुन्हा कडा, असे दिसते. ती मधली सपाटी म्हणजे पदर. तिथे माती साठते, पाणी मुरते, रान वाढते, चार घरांची वाडीही वसते. गुरुजी, भूगोलाच्या पुस्तकातले "दख्खनचे पठार" मुलांना फळ्यावर जितके कळत नाही तितके या पदरावर उभे राहून पाच मिनिटांत कळते.

आता प्रश्न असा, की फेरी घालायची तर कोणत्या बाजूने? चढताना शिडी आणि उतरताना गणेशघाट, की उलटे? पुष्कळ जण म्हणतात, आधी सोप्या वाटेने रमतगमत जाऊ आणि येताना जवळच्या वाटेने झटकन उतरू. ऐकायला हे बरे वाटते, पण अगदी चुकीचे आहे. अवघड वाट नेहमी चढताना घ्यावी आणि सोपी उतरताना घ्यावी. याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, चढताना पाय कुठे ठेवायचा आणि हात कुठे धरायचा ते डोळ्यांसमोर असते. उतरताना शिडीवर पाठमोरे व्हावे लागते, पाय चाचपडत खाली सोडावा लागतो. दुसरे कारण दमणुकीचे. सकाळी गुडघ्यांत जोर असतो. दिवसभर चालून थरथरणाऱ्या पायांनी कातळ उतरणे म्हणजे अपघाताला बोलावणेच. आणि तिसरे कारण सर्वांत मोठे आहे. सकाळी आठ-नऊ वाजता शिडी मोडलेली दिसली, ओढ्याला पाणी जास्त दिसले किंवा बरोबरचा एखादा घाबरला, तर निमूट मागे फिरता येते. सगळा दिवस हातात असतो. तोच अडथळा संध्याकाळी पाच वाजता, तीन-चतुर्थांश फेरी झाल्यावर समोर आला तर काय करणार? पुढे जाता येत नाही, आणि मागे जायचे तर सगळा डोंगर पुन्हा चढायचा. अशा वेळी माणूस नको ते धाडस करतो.

म्हणून खांडसची फेरी घालायची तर ती थंडीच्या दिवसांत, शिडीघाटाने चढून गणेशघाटाने उतरावी. गावातला माहीतगार माणूस बरोबर घ्यावा. आणि निघण्यापूर्वी शिड्या धड आहेत की नाहीत याची गावातच विचारपूस करावी. लोखंडाची शिडी असली तरी दर पावसाळ्यात दरड कोसळते, खिळे ढिले होतात, कधी शिडीच्या बुडाचा दगड सरकतो. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राचे सांगणे या वर्षी चालत नाही.

शिक्षक मंडळींना मात्र इथे स्पष्ट सांगतो, की शाळेच्या मुलांना शिडीघाटाने नेऊ नये. चाळीस मुलांमधली एकोणचाळीस नीट चढतील. पण आपण घरी न्यायची असतात ती चाळीसही मुले. मुलांना गणेशघाटाने पदरापर्यंत न्यावे आणि त्याच वाटेने परत आणावे. तेवढ्यातही त्यांना रान भरपूर दिसेल.

आता घड्याळाकडे वळू. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो. म्हणजे उजेड अकरा तासांचा. पण दाट झाडीच्या दरीत सूर्यास्ताआधीच अर्धा तास अंधारून येते. पायाखालचा दगड दिसेनासा होतो. तेव्हा हिशेब दहा तासांचाच धरावा. त्यातही एक तास हाताशी राखून ठेवावा. कुणाचा पाय मुरगळतो, कुणाची वहाण तुटते. राहिले नऊ तास. शिडीघाटाने पदरावर यायला साधारण माणसाला तीन ते चार तास लागतात. गणेशघाटाने पदरावरून खाली यायलाही तीन तास धरावेत. वर भीमाशंकरपर्यंत जाऊन पदरावर परत यायचे म्हटले तर आणखी तीन-साडेतीन तास. बेरीज करून पाहा. नऊ ते साडेदहा तास होतात. म्हणजे शिडीघाट, देऊळ आणि गणेशघाट असे तिन्ही एका छोट्या दिवसात बसवायचे तर फार चपळ चालणारा पाहिजे. सामान्य माणसाने पदरावरूनच फेरी पुरी करावी. किंवा देवदर्शन करायचे तर माथ्यावर मुक्काम करावा, नाही तर एस.टी.ने घाटावर उतरावे.

पदरावर पोचल्यावरच खरी परीक्षा असते. वर देवळाचा डोंगर दिसत असतो. बरोबरची तरणी मुले म्हणतात, "एवढं आलोच आहोत, आता काय राहिलंय!" श्रोतेहो, डोंगरात जितकी माणसे अडचणीत आली असतील त्यांतली पुष्कळशी "आता काय राहिलंय" या तीन शब्दांपायी आली असतील. त्यावर एकच औषध आहे. वळायची वेळ घरूनच ठरवून निघायची. "अकरा वाजेपर्यंत पदरावर पोचलो नाही तर वरचा विचार सोडायचा. दीड वाजता जिथे असू तिथून खाली वळायचे." हे सर्वांसमक्ष, गावात असतानाच बोलायचे. डोंगरावर गेल्यावर ठरवू म्हणाल तर ठरत नाही. तिथे उत्साह ठरवतो. आणि जो मागे फिरू म्हणतो त्याला भित्रा म्हणून हसायचे नाही. उद्या पुन्हा येता येईल अशा रीतीने परतणे यालाच डोंगरात शहाणपण म्हणतात.

फेरीतला आणखी एक चकवा सांगतो. निम्मी फेरी झाली की मन म्हणते, "मागे फिरलो तरी तेवढेच अंतर, मग पुढेच जाऊ." अंतर तेवढेच असेल, पण मागची वाट माहितीची आहे आणि पुढची नाही. माहितीचे चार कोस हे अनोळखी दोन कोसांपेक्षा जवळचे असतात. शंका आली तर ओळखीच्या वाटेने परत यावे.

आता पाण्याचे सांगतो, कारण घळीत सर्वांत मोठे भय पाण्याचेच आहे. घळ म्हणजे काय? वरच्या साऱ्या डोंगराचे पाणी खाली जाण्याची ती मोरी आहे. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी माथ्यावर सर कोसळली की थोड्याच वेळात ओढा फुगतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहू लागल्या, दगड गडगडल्याचा आवाज आला, की समजावे लोंढा येतो आहे. तत्काळ ओढ्याचे पात्र सोडून बाजूच्या उंच जागेवर जावे. वाहते गढूळ पाणी गुडघ्याला लागले तरी मोठ्या माणसाचे पाय उखडतात. अशा ओढ्यात उतरू नये. पलीकडे थांबावे. पाऊस ओसरला की डोंगरातला ओढा जसा भरभर चढतो तसा पुष्कळदा काही तासांत उतरतोही. भूक लागेल, भिजायला होईल, पण जीव राहील.

पावसाळ्यात तर शिडीघाटासारख्या वाटा सोडूनच द्याव्यात. धबधबे मोठे सुंदर दिसतात हे खरे. ते लांबून पाहावेत. ओला कातळ शेवाळाने साबणासारखा होतो. दरडींचे भय वेगळेच. याच भीमाशंकरच्या पूर्वेला, आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर सुटून गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांनाही डोंगराने सवड दिली नाही, मग पाहुण्यांची काय कथा! म्हणून पावसाळ्यात जिल्हा अधिकाऱ्यांनी किंवा वनखात्याने एखादी वाट बंद केली, तर ती आपल्या आनंदाआड आलेली अडचण न समजता आपल्या भल्याची सूचना समजावी.

एवढी भीती घातल्यावर तुम्ही म्हणाल, मग जायचे तरी कशाला? जायचे ते पाहण्यासाठी आणि शिकण्यासाठी. भीमाशंकरचे रान १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. इथला मानकरी म्हणजे शेकरू, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस-तपकिरी अंगाची, झुपकेदार लांब शेपटीची ही मोठी खार झाडाच्या शेंड्याशेंड्याने हिंडते. जमिनीवर क्वचितच उतरते. काटक्या-पानांची गोल घरटी उंच फांद्यांवर बांधते, तीही एक नव्हे, अनेक. एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेते, ती फांदीला फांदी लागलेली असते म्हणून. मधली झाडे तुटली की तिचा रस्ताच तुटला. रान सलग का राहिले पाहिजे, हे मुलांना शेकरूपेक्षा चांगले कोण शिकवील?

वाटेत जांभूळ, आंबा, अंजनी आणि हिरडा दिसेल. हिरडा गोळा करून विकणे हा इथल्या महादेव कोळी कुटुंबांचा मोठा आधार आहे. उतारावर कारवीचे रान दिसेल. ही कारवी सात वर्षांतून एकदा निळीजांभळी फुलते, बी धरते आणि वाळते. तिच्या काठ्यांचे कूड अजूनही वाड्यांवर पाहायला मिळतात. पदराच्या वर माथ्यावर गेलात तर आणखी एक नवल मुलांना दाखवा. डोंगराच्या धारेवर पडलेला पाऊस दोन दिशांना जातो. पश्चिमेचा थेंब कडा उतरून थोड्याच वेळात कोकणात आणि तिथून अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेचा थेंब भीमेत जातो. भीमा पंढरपुराला चंद्रभागा म्हणवून घेते, पुढे कृष्णेला मिळते आणि मग बंगालच्या उपसागराला. एकाच ढगातल्या दोन थेंबांमध्ये सारा देश येतो.

इतिहासही इथे पायाखाली आहे. घाटवाटा म्हणजे जुन्या काळचे हमरस्ते. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा लेख आहे. कोकणचे मीठ वर जायचे, घाटावरचे धान्य खाली यायचे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी धावू लागली, आणि मग कित्येक वाटा ओस पडत गेल्या. पुढे १९४२ च्या लढ्यात माथेरानच्या भाई कोतवालांनी आणि त्यांच्या साथीदारांनी या डोंगरांचाच आसरा घेतला. विजेच्या तारांचे मनोरे पाडून त्यांनी सरकारला जेरीस आणले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. सिद्धगड हा याच भीमाशंकरच्या रांगेतला. हे सांगायला वर्गापेक्षा चांगली जागा तीच.

आता वाट विचारण्याबद्दल. यातही कसब आहे. "मामा, ही वाट पदरवाडीला जाते ना?" असे विचारले तर पाहुण्याचे मन मोडू नये म्हणून म्हातारा मान हलवतो. त्याऐवजी "मामा, पदरवाडीला कोणत्या वाटेनं जावं?" असे विचारावे, म्हणजे तो थांबून, हात करून नीट सांगतो. तसेच "किती लांब?" असे विचारू नये. "हे काय, हितंच!" असे उत्तर येते. डोक्यावर मोळी घेऊन रोज चढणाऱ्या मावशीचे "हितंच" म्हणजे आपले दोन तास. विचारायचेच तर "तुम्ही सकाळी निघालात तर केव्हा पोचता?" असे विचारावे आणि त्या वेळेच्या दुप्पट आपली धरावी.

काही बारीकसारीक पण जिवाच्या गोष्टी आहेत. कड्यांना आग्या मोहोळे असतात. त्यांच्या खाली धूर करू नये, दगड मारू नये, आरडाओरड करू नये, अंगाला उग्र अत्तर लावून जाऊ नये. माशा उठल्याच तर हात झाडत उभे न राहता तोंडावर कापड ओढून तिथून दूर निघून जावे. दगडांच्या सांदीत फुरसे असते. न पाहता हात घालू नये, बसण्यापूर्वी काठी आपटावी. साप चावलाच तर जखम कापू नये, तोंडाने विष ओढू नये, करकचून दोरी बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला अवयव हलू देऊ नये, शक्यतो त्याला चालवू नये. झोळी करून प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात लवकरात लवकर न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पण दरीत मोबाइलला रेंज नसते हे ध्यानात ठेवून दोघांना वर किंवा खाली पाठवावे, एकट्याला नाही.

फाल्गुन-चैत्रात गवत वाळलेले असते. विडी-सिगारेटचे एक थोटूक सारा डोंगर जाळते. प्लॅस्टिकची पिशवी, बाटली ज्याने वर नेली त्याने खाली आणावी. अभयारण्यात शिरण्याचे वनखात्याचे नियम आधी विचारून घ्यावेत.

मुलांच्या सहलीसाठी रीत अशी ठेवावी. दहा-दहा मुलांचे गट करावेत. प्रत्येक गटाबरोबर एक मोठे माणूस असावे. पुढे एक माहीतगार आणि सर्वांच्या मागे एक शिक्षक. या दोघांच्या मधून कुणी बाहेर जायचे नाही. सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाला पुढाऱ्याच्या मागे दुसरा ठेवावा, म्हणजे सगळी रांग त्याच्या चालीने चालते. तो मागे राहिला तर रांग तुटते, आणि वाट चुकते ते नेहमी तुटलेल्या रांगेतले मूल. जिथे दोन वाटा फुटतात तिथे सगळे जमेपर्यंत थांबून मोजणी करावी. प्रत्येकाजवळ निदान दोन लिटर पाणी, भाकरी, गुळाचा खडा आणि एक शिट्टी. हरवल्यासारखे वाटले तर मुलाने धावाधाव करू नये. आहे तिथेच बसून शिट्टी वाजवावी. हे त्याला शाळेतच शिकवावे. आणि शिक्षकांनी ती वाट मुलांना नेण्यापूर्वी आठवड्याच्या आत स्वतः एकदा पुरी चालून यावी. न चाललेल्या वाटेने मुले नेऊ नयेत.

पायथ्याच्या गावकरी बंधूंना माझी एक विनंती आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत किंवा वाटेवरच्या पहिल्या दुकानात एक साधी वही ठेवा. रानात जाणाऱ्या प्रत्येक टोळीने तीत माणसे किती, कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार आणि केव्हा परतणार, एवढे लिहावे. परतल्यावर त्यावर रेघ मारावी. संध्याकाळी सात वाजता वही उघडून पाहिली, की कोण मागे राहिले ते कळते, आणि कोणत्या बाजूने शोधायचे तेही कळते. फेरीत हे फार महत्त्वाचे, कारण माणूस ज्या वाटेने गेला त्या वाटेने तो येणार नसतो. वाटाड्या म्हणून जाणाऱ्या पोरांचा दर ठरवून फळ्यावर लिहा, म्हणजे घासाघीस नको. वाट धड नसेल त्या दिवशी पैसे मिळत असले तरी "आज नाही" म्हणायला कचरू नका. तुमच्या "नाही"ला शहरातल्या माणसाने मान द्यायलाच हवा.

शेवटी एवढेच. खांडस सर्वांना जवळ नाही आणि सर्वांना जमणारही नाही. पण तुमच्या शिवारात एखादी टेकडी, एखादा ओढा, एखादे राखीव रान असेलच. एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरता येईल अशी दोन-तीन तासांची फेरी गुरुजींनी स्वतः शोधावी. गावातल्या गुराख्याला बरोबर घ्यावे. त्याला वाटा माहीत असतात आणि झाडांची नावेही. मुलांकडून त्या फेरीचा नकाशा काढवून घ्यावा. त्यात पाण्याची जागा, मोठी झाडे, वाटा फुटतात ती ठिकाणे आणि परत फिरायची वेळ, हे सारे लिहावे. पहिल्या वर्षी एवढीच फेरी पुरे. ज्या मुलाला लहानपणी ठरल्या वेळी मागे वळायची सवय लागली, तो पुढे कितीही मोठ्या डोंगरात गेला तरी घरच्यांना त्याची काळजी करावी लागणार नाही.

येत्या थंडीत अशी एक फेरी तुमच्या शाळेने जरूर घालावी.